डावा हात

चहाचा ग्लास माझ्या डाव्या हातातून सुटला आणि ड्रमच्या पायाशी जाऊन फुटला. तालमीच्या खोलीत सगळ्यांनी वळून पाहिलं.

"गरम होता का गं?" आवटीमास्तरांनी कीबोर्डवरची मान वर न करता विचारलं.

"हो," मी म्हटलं.

चहा कधीच निवला होता. ग्लास सुटला तो बोटांत जीव नव्हता म्हणून. पण हे मी कुणालाही सांगणार नव्हते.

सांगलीच्या गावभागात एका पिठाच्या गिरणीवर आमची खोली होती. गिरणी चारला बंद झाली की आमची तालीम सुरू व्हायची. ऑर्केस्ट्राचं नाव 'मेलडी तरंग'. प्रभाकर आवटी, म्हणजे आमचे मास्तर, त्याचे मालक. ते कीबोर्ड वाजवायचे आणि एरवी स्वतःच्या कॅसेटच्या दुकानात बसायचे. ड्रमवर बाळू कांबळे, गायला संजीवनीताई खोत, निवेदनाला अरविंद. आणखीही दोघं-तिघं होते. बेस गिटारवर मी, वैजयंता चौगुले. वय तेवीस. सगळे वैजू म्हणायचे.

बेस माझ्याकडे आला तो अपघातानंच. आधीच्या वादकाला मस्कतला नोकरी लागली. मी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये साधी गिटार वाजवलेली मास्तरांनी पाहिली होती. त्यांनी तो जड बाजा माझ्या गळ्यात अडकवला आणि म्हणाले, "तुझ्या गिटारला सहा तारा, हिला चारच. दोन तारांचं काम कमीच झालं की." तीन महिन्यांत मी शिकले. पुढं दोन वर्षं आमच्या भागातली एकही जत्रा, एकही गॅदरिंग सोडलं नाही. स्टेजवर बेस वाजवणारी मुलगी बघायला लोक पुढं येऊन उभे राहायचे, आणि मला ते आवडायचं.

हात दुखायला लागला दिवाळीत. आधी अंगठ्याच्या मुळाशी, मग मनगटात, मग कोपरापर्यंत. सत्त्याण्णवचा मार्च उजाडेपर्यंत मला डाव्या हातानं धुणं पिळता येत नव्हतं आणि डब्याचं झाकण उघडत नव्हतं. मी हाताला क्रेपची पट्टी गुंडाळायचे आणि वर लांब बाह्यांचा स्वेटर घालायचे.

"मार्चात स्वेटर?" बाळूनं एकदा विचारलं.

"मला थंडी बाधते."

"सांगलीत?" एवढंच म्हणून तो आपल्या कामाला लागला.

लपवायला कारण होतं. जानेवारीत मास्तरांनी मुंबईहून नवा कीबोर्ड आणला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना भोवती बोलावलं. एक बटण दाबलं आणि डाव्या बाजूची पट्टी एका बोटानं वाजवली. खोलीत बेसचा आवाज घुमला. गोल, भरदार, हुबेहूब.

"हे बघा," मास्तर म्हणाले, "बेससुद्धा यातच आहे."

सगळ्यांनी कीबोर्डकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच होतं. बेस आता यंत्रात आहे. माझा हात थकलाय हे मास्तरांना कळलं, की माझी जागा गेली.

मी मिरजेला एका दवाखान्यात जाऊन आले होते. डॉक्टरांनी विचारलं, "काय काम करता?"

खरं सांगितलं तर गिटार बंद करायला सांगतील, म्हणून मी म्हटलं, "घरकाम."

"मग तीन आठवडे कणीक मळायची नाही, भाकरी थापायची नाही."

आईनं तीन आठवडे भाकरी थापल्या. तिसऱ्या आठवड्यात तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "भाकरीनं दुखत असतं तर एव्हाना थांबलं असतं. बाजा कोण वाजवतंय, मी?"

मी ताट उजव्या हातात घेऊन बाहेर गेले.

अशात मोठा कार्यक्रम आला. नदीपलीकडच्या एका साखर कारखान्याचा रौप्यमहोत्सव होता. दुपारी चार ते संध्याकाळी सात, कारखान्याच्या मैदानावर, पाच हजार माणसं. एवढी गर्दी आम्ही कधी पाहिली नव्हती. ग्लास फुटला त्या दिवशी कार्यक्रमाला नऊ दिवस उरले होते.

त्याच तालमीत माझ्या तिसऱ्या तारेची चावी सैल झाली. सूर लावला की दोन मिनिटांत उतरायचा.

"उद्या मिरजेला जा," मास्तर म्हणाले. "दस्तगीरचाचांना दाखव. तंबोरे करतात, पण हात कशालाही लागतो त्यांचा."

दस्तगीरचाचांचं दुकान मिरजेत वाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत होतं. छताला वाळलेले भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा, कोपऱ्यात लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं. चाचा सत्तरीचे असतील. त्यांनी माझा बेस मांडीवर घेतला, उलटा केला, बोटानं ठोकून पाहिला.

"याला पोटच नाही की. आवाज कुठनं काढतो हा?"

"विजेवर, चाचा."

"म्हणजे वीज गेली की मुका." त्यांना गंमत वाटली. चावी त्यांनी दहा मिनिटांत घट्ट केली. मग म्हणाले, "वाजव बघू जरा. उभी राहून वाजव, स्टेजवर वाजवतीस तसंच."

मी पट्टा गळ्यात अडकवला आणि वाजवायला लागले. विजेशिवाय नुसती तारांची पुटपुट ऐकू येत होती. चाचांचं लक्ष मात्र तारांकडे नव्हतंच. ते माझ्या मनगटाकडे बघत होते.

"हात सोड," ते म्हणाले.

"कुठला?"

"डावा. सोड एकदम."

मी डावा हात काढला. त्याबरोबर गिटारची मान खाली गेली आणि तिचं टोक माझ्या गुडघ्याच्याही खाली जाऊन लोंबायला लागलं.

"बघितलंस?" चाचा म्हणाले. "ह्याचं डोकं जड हाय. ते तू दोन वर्षं हातानं वर धरून ठेवलंयस. आणि त्याच हातानं वाजवतीस. भरलेली घागर धर आणि त्याच हातानं रांगोळी काढ म्हटलं, तर काढशील का?"

माझे डोळे भरून आले होते. हात दुखतोय हे मी सांगितलं नव्हतं, तरी त्यांना कळलं होतं.

त्यांनी मला बसायला मोडकळीला आलेलं स्टूल दिलं. स्वेटरची बाही वर करायला लावली. पट्टी पाहिली, ती सोडली, मनगट हलकेच दाबलं. मी दात आवळले.

"पट्ट्याची खुंटी मी वर सरकवतो," ते म्हणाले. "रुंद चामड्याचा पट्टा लावतो, खांद्यावर घसरणार नाही. मागं थोडं शिसं बसवतो, म्हणजे डोकं वर राहील. तारा पण लई उंच हायत, खाली घेतो. बाजा बरा होईल. पण हात? त्याला मी काय करणार? त्याला विश्रांती पायजे."

"आठ दिवसांवर कार्यक्रम आहे, चाचा."

"आवटीला सांग मग."

"सांगितलं तर ते कीबोर्डवर बेस वाजवतील. त्यांच्याकडे बटण आहे."

चाचांनी बेस उचलला आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवला. परत येऊन बसले.

"हे काम दोन दिवसांचं हाय. आणि झालं तरी तुझ्या हातात मी देणार नाही. आवटीला घेऊन ये. तो म्हणाला, दे, तर देतो."

मी विनवलं. रागावलेसुद्धा. चाचा एका भोपळ्यावर पेन्सिलीनं रेघ ओढत बसले. शेवटी मी रिकाम्या हातानं बसस्टँडवर आले. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या खांद्यावर ओझं नव्हतं, आणि तरी बसमध्ये चढताना पाय उचलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तालमीला गेले तेव्हा सगळे आपापल्या जागी बसले होते.

"बेस कुठं आहे?" मास्तरांनी विचारलं.

वाटेत मी एक गोष्ट जुळवली होती. चाचांना लाकूड मिळालं नाही, वगैरे. ती तोंडाशी आली, पण बाहेर पडली भलतीच.

"माझा हात दुखतोय, मास्तर. दिवाळीपासून. चहाचा ग्लास गरम नव्हता. मला तो धरताच आला नाही. तीन तास मी वाजवू शकणार नाही. मी लपवलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी पत्र्याचा डबा आपटला.

मग बाळू ड्रममागून उठला. त्यानं शर्ट वर केला. पोटाभोवती एक वीत रुंदीचा पट्टा होता, कमरेच्या दुखण्यावर देतात तसला.

"गेल्या श्रावणापासून," तो म्हणाला. "ह्या स्टुलाला पाठ नाही. मी म्हटलं, सांगितलं तर दुसरा ड्रमर आणतील."

"मी तीन महिने वरच्या पट्टीतलं एकही गाणं घेतलेलं नाही," संजीवनीताई हळूच म्हणाल्या. "घसा धरतो. कुणाच्या लक्षात आलं का?"

कुणाच्याच आलं नव्हतं.

अरविंद उभा राहिला. निवेदक असल्यामुळे त्याला उभं राहिल्याशिवाय बोलता येत नसे. "मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. म्हणून मी कायम स्टेजच्या डाव्या टोकाला उभा राहतो, उजवा कान तुमच्याकडे करून."

"आम्हाला वाटायचं ती तुझी स्टाईल आहे," बाळू म्हणाला.

पहिल्यांदा संजीवनीताई हसल्या. मग सगळी खोली हसायला लागली. बाळूला हसताना कंबर धरावी लागली, त्यानं आणखी हसू आलं. मीही डोळे पुसत हसत होते. एकटे मास्तर हसत नव्हते. ते उठले आणि जिन्यात गेले.

मला वाटलं, झालं आता. मी त्यांच्या मागोमाग गेले. ते मधल्या पायरीवर बसले होते. भिंतीवर, पायऱ्यांवर, त्यांच्या पँटवर पिठाचा पातळ थर होता.

"मास्तर, बेस कीबोर्डवर वाजेल," मी म्हटलं. "मला राग येणार नाही. तुम्ही बोलायला कचरू नका."

"बस इथं," ते म्हणाले. "तुझा हात बघू."

मी हात पुढं केला. त्यांनी शेजारी आपला डावा हात ठेवला.

"आता मी मूठ वळतो. बघ."

अंगठा वळला, दोन बोटं वळली. शेवटची दोन तशीच राहिली, अर्धवट वाकलेली, रुसून कोपऱ्यात बसलेल्या पोरांसारखी. मास्तरांनी जोर लावला तशी ती नुसती थरथरली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गणपतीपासून. बधिर आहेत. सुई टोचली तरी कळत नाही."

"आणि तो नवा कीबोर्ड?"

"त्यात एका बोटानं अख्खा कॉर्ड, म्हणजे तीन सूर एकदम, निघतो. म्हणून तर आणला. जुन्यावर तीन बोटं लागायची, त्यातली करंगळी आता कामाला येत नाही."

"मग बेसचं बटण का दाखवलंत सगळ्यांना?"

मास्तरांनी मान खाली घातली. "नवी वस्तू आणली की लोक विचारणार, का आणली. काहीतरी दाखवायला हवं होतं. ते बटण दिसलं, ते दाखवलं. माझ्या बोटांकडे कुणी बघू नये, एवढंच होतं डोक्यात." मग म्हणाले, "माझा डावा हात पोकळ झालाय, वैजू. तो पोकळपणा तुझ्या बेसनं झाकला जातो. तू सोडून गेलीस तर पहिल्याच गाण्यात माझं बिंग फुटेल. गेले दोन महिने मी रोज बघतोय, तू स्वेटर घालून गप्प गप्प असतेस. मला वाटलं, लग्न ठरलं तुझं."

मला हसू आवरेना. हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं. दोन माणसं एकाच खोलीत बसून आपापला हात एकमेकांपासून लपवत होती, आणि दोघांनाही एकमेकांचीच भीती होती. मास्तर आधी दुखावल्यासारखे बघत राहिले. मग त्यांनाही हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसनं मिरजेला गेलो. मास्तरांची स्कूटर कित्येक महिने दुकानासमोर उभीच होती. क्लच दाबवत नव्हता, हे मला आता कळलं.

डॉक्टरांनी मला ओळखलं. "कणीक बंद केली होती ना?"

"मी बेस गिटार वाजवते," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि जुना कागद फाडून नवा घेतला. माझ्या अंगठ्याच्या आणि कोपराच्या शिरा सुजल्या होत्या. कार्यक्रम करायचाच असेल तर बसून करायचा. दहा मिनिटं वाजवलं की दहा मिनिटं हात मांडीवर. नंतर सहा आठवडे गिटारला हात लावायचा नाही. मास्तरांची नस कोपरापाशी दाबली गेली होती.

"दिवसभर कोपर कशावर टेकता?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुकानातल्या काचेच्या काउंटरवर. बावीस वर्षं."

"आजपासून बंद."

"मग गिऱ्हाइकाशी बोलू कसा?" मास्तरांनी अगदी मनापासून विचारलं.

चाचांनी मास्तरांना पाहिलं आणि काही न विचारता बेस आणून दिला. मी नवा पट्टा अडकवला आणि डावा हात सोडला. गिटार जिथल्या तिथं राहिली, आडवी, निवांत. पहिल्यांदाच माझ्या बोटांना फक्त बोटांचं काम होतं.

त्या आठवड्यात आम्ही सगळा कार्यक्रम नव्यानं बांधला. निम्मी गाणी मी बसून वाजवायची. जिथं चार सूर होते तिथं दोन. उरलेल्या गाण्यांत मास्तर एका बोटानं कीबोर्डचा बेस आणि कॉर्ड सांभाळणार. ज्या बटणाला मी दोन महिने शिव्या दिल्या होत्या, त्याच्या भरवशावर आता मी हात मांडीवर ठेवणार होते. संजीवनीताईंची गाणी दोन सूर खाली आणली. बाळूला पाठीची खुर्ची मिळाली. अरविंद मात्र डाव्या टोकालाच उभा राहिला. त्याचं म्हणणं, आता लोकांना ती स्टाईल आवडते.

कारखान्याच्या मैदानावर चारलाच माणूस मावत नव्हता. पहिला तास झकास गेला. हात दुखला, पण सोसण्याइतका. मग संजीवनीताईंचं विरहाचं एक जुनं गाणं आलं. नवरा दूरदेशी गेलेला, बायको उंबऱ्यात बसलेली, अशा चालीचं. या गाण्यात मला विश्रांती होती. मी बाजूच्या खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसले.

पहिलं कडवं संपता संपता गाणं एकदम हलकं झालं. खालचा आधार काढून घेतल्यासारखं. मी वळून पाहिलं. मास्तरांनी डावा हात पट्टीवरून काढून मांडीवर घेतला होता. बोटं आकडली होती. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि उजवा हात तेवढा वाजवत होता.

मी खुर्ची उचलली आणि त्यांच्या डाव्या बाजूला नेऊन टेकवली. माझा उजवा हात तर ठणठणीत होता. आणि या गाण्याचे खालचे सूर मी दोन वर्षं रोज वाजवत होते. मी एक बोट पट्टीवर ठेवलं आणि गाण्याचे पाय पुन्हा जमिनीला लागले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण थोडं उजवीकडं सरकून मला जागा दिली.

एका वाद्यावर दोघं बसलेले बघून पुढच्या रांगेतल्या लोकांना वाटलं, काहीतरी करामत चाललीय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी माझं लक्ष उडालं. त्या कीबोर्डवर उदास कॉर्ड हवा असेल तर दोन पट्ट्या दाबायला लागायच्या. मी एकच दाबली. नेमकं बायको उंबऱ्यात रडत असताना गाणं एकाएकी हसरं झालं. संजीवनीताईंनी गाता गाता चमकून मागं पाहिलं. मास्तर खाली मान घालून हसत होते, त्यांचे खांदे हलत होते. पुढच्या ओळीला मी दोन पट्ट्या दाबल्या आणि बाई पुन्हा रडायला लागली.

सातला कार्यक्रम संपला. वायरी गुंडाळत असताना एक म्हातारे गृहस्थ स्टेजजवळ आले. कारखान्याचे जुने सभासद होते. मला वाटलं, चूक दाखवायला आलेत. मी आधीच सांगायला तोंड उघडलं.

"ते विरहाचं गाणं," ते म्हणाले. "लहानपणापासनं ऐकतोय. पण आज मधेच असं वाटलं, जणू नवरा दारात येऊन उभा राहिला आणि परत गेला. लई बेस बसवलंय."

ते गेल्यावर मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली. ती अंगठ्यात आणि दोन बोटांत नीट धरून त्या गाण्याच्या कागदावर, दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीखाली, एक बारीक फुली मारली.

त्यांची दोन बोटं पुढं बरीच सुधारली, पूर्ण कधीच नाही. माझा हात आषाढापर्यंत बरा झाला. पुढची सोळा वर्षं आम्ही ते गाणं शेकडो वेळा वाजवलं. दर वेळी मी माझी खुर्ची उचलून मास्तरांच्या डाव्या बाजूला जाऊन बसायचे आणि तिसऱ्या ओळीला एकच पट्टी दाबायचे. नवरा दारात येऊन जायचा.